कॉर्निश-विंडसर पुलाचा एक गाळा: प्रकल्प नोंदी

१५ जून २०२४

बाबांना इथे येऊन आठ दिवस झाले. पहाटे तीनला जाग येते, मग घरातली हत्यारं शोधत फिरतात. स्वयंपाकघरातले सगळे ड्रॉवर आता न कुरकुरता उघडतात, मागच्या डेकच्या तीन फळ्या बदलून झाल्या आणि काल ते शेजाऱ्यांच्या कुंपणाकडे बघत उभे होते. चाळीस वर्षं कुडाळच्या आसपास घरांची छपरं चढवलेला माणूस. साडेतीन महिने नुसता सोफ्यावर बसणार नाही हे मला आधीच कळायला हवं होतं.

म्हणून आज न्यू हॅम्पशायर आणि व्हरमाँट या दोन राज्यांमधल्या कनेक्टिकट नदीवरचा कॉर्निश-विंडसर पूल दाखवायला नेलं. आमच्या घरापासून पंचवीस मिनिटं. मी रोज जातो त्या रस्त्यावर नाही, पण वर्षातून दोन-चारदा आम्ही गाडीने त्यातून जातो आणि मागे बसलेली धाकटी दर वेळी श्वास रोखून धरते. बाबांनी गाडी काठाला लावायला सांगितली. बराच वेळ बाजूने बघत राहिले आणि मग म्हणाले, "झिला, ह्यो खंयचो पूल? ह्या तर लांबडा घर!"

घरच आहे खरं तर. ४४९ फूट लांब, भिंती आहेत, वर छप्पर आहे, आणि नदीच्या मधोमध एक दगडी खांब. खांबापासून काठापर्यंतचा एक गाळा २०४ फुटांचा, दुसरा २०३. जेम्स टास्कर आणि बेला फ्लेचर या दोघांनी १८६६ मध्ये बांधला, खर्च ९,००० डॉलर. ओहायोत २००८ मध्ये ६१३ फुटांचा नवा छपराचा पूल झाला, तोवर अमेरिकेतला सर्वांत लांब लाकडी छपराचा पूल म्हणून याचं नाव घेत. दोन गाळ्यांच्या छपराच्या पुलांत अजूनही हाच सर्वांत लांब. आतून अजून गाड्या जातात, शोभेचा तुकडा म्हणून ठेवलेला नाही.

परत येताना बाबा गाडीत गप्प. घराच्या वळणावर विचारलं, "आतल्या त्या जाळीत खिळो दिसूक नाय. कसा धरलाहा?" तेव्हाच ठरलं. एका गाळ्याचा नमुना बांधायचा. एकास चोवीस. २०४ फूट भागिले २४ म्हणजे साडेआठ फूट. गॅरेजमध्ये तिरकं न ठेवता मावतो. गाडी बाहेर.

१७ जून

जाळीची मूळ कल्पना टास्करची नाही, इथिएल टाउनची. कनेक्टिकटमधला वास्तुविशारद, १७८४ चा जन्म. २८ जानेवारी १८२० ला त्याने जाळीच्या पुलाचं पेटंट घेतलं. त्याआधीचे मोठे लाकडी पूल म्हणजे कसबी सुतारांचं काम: जाडजूड तुळया, कुसू (खोबणीत बसणारी टोकं), कमानी. टाउनने म्हटलं, गिरणीत कापलेल्या सारख्या फळ्या घ्या, तिरक्या मांडा, त्यांवर उलट्या तिरक्या मांडा, जिथे जिथे एकमेकींना छेदतील तिथे भोक पाडून लाकडी खुंटी ठोका. वर-खाली आडव्या तुळयांनी जाळी पकडा. झाला पूल. गावातला कुठलाही बऱ्यापैकी सुतार चार मदतनीस घेऊन हे करू शकतो.

टाउन स्वतः फार पूल बांधत बसला नाही. फुटामागे एक डॉलर घ्यायचा आणि नकाशा द्यायचा. न विचारता कोणी बांधलेला सापडला तर फुटामागे दोन. बाबांना हे सांगितलं तर हसू आवरेना. "म्हणजे काम दुसऱ्यांचा आणि पैशे ह्याचे."

टास्कर-फ्लेचरनी त्यात एक बदल केला. साध्या फळ्या एकमेकींवर नुसत्या न टेकवता जाड चौकोनी लाकडं घेतली आणि छेदाच्या जागी दोन्हींना खाच मारून एकमेकांत बसवली. त्यामुळे जाळी घसरत नाही. पण प्रत्येक खाच हाताने. बाबा यावर लगेच खूश. फळ्या खुंटीने जोडणं त्यांच्या मते सुतारकामच नव्हे.

२२ जून

लाकूड: दुकानातून स्प्रूसचे दोन बाय चार इंची वासे आणले, गाठी नसलेले निवडून. बाबांनी एकेक डोळ्यासमोर धरून पीळ बघितला, वीसातले सहा घेतले. दुकानातल्या पोराला वाटलं आम्ही काहीतरी चोरतोय. टेबल सॉवर पाव इंचाच्या काठ्या कापल्या, दोन फूट लांब. संध्याकाळपर्यंत भुश्शाचा ढीग आणि १४० काठ्या.

खुंट्या: मूळ मापाची दोन इंची खुंटी चोवीसाने भागली की दोन मिलिमीटर येते. म्हणजे दात कोरायची काडी. धाकटी म्हणाली आपल्याकडे तीन डबे आहेत. पुरणार नाहीत. मी मोजलंय, एका बाजूला साडेसातशेच्या आसपास लागतील.

२९ जून

सराव म्हणून तीन फुटांचा तुकडा केला, खाचा न घेता, टाउनच्या मूळ पद्धतीने. भोकांसाठी साचा बनवला होता तरी पन्नासाव्या भोकापर्यंत साचाच झिजून सैल. त्यानंतरची सगळी भोकं अर्धा मिलिमीटर इकडे-तिकडे. तुकडा हातात धरून पिळला की खुळखुळतो. कागदावर किती सोपी दिसते ही जाळी! भोक तंतोतंत नसेल तर खुंटी भार घेतच नाही, आधी सगळी ढिलाई संपते आणि मग भार येतो, तोवर पुलाला पोट आलेलं असतं.

साचा आता पितळेच्या पट्टीचा केलाय.

६ जुलै

पाऊस. काही झालं नाही. बाबांनी गॅरेजच्या दारात खुर्ची टाकून दिवसभर पाऊस बघितला. इथला पाऊस त्यांना पाऊस वाटत नाही.

७ जुलै

कालच्या पावसावरून छपराचा विषय निघाला. इथे येणारे पाहुणे हमखास विचारतात, छप्पर कशाला? आणि त्यावर ठरलेली उत्तरं मिळतात: घोडे पाण्याला बुजू नयेत म्हणून, गवताच्या गाड्या भिजू नयेत म्हणून, प्रेमिकांना आडोसा म्हणून. ऐकायला छान, पण एवढ्यासाठी कोणी साडेचारशे फुटांवर छप्पर घालत नाही.

बाबांना मी काही सांगायच्या आत ते म्हणाले, "पाणी लागला की लाकूड मेला." मग व्हाळावरच्या साकवाची गोष्ट. त्यांच्या लहानपणी पोफळीची खोडं टाकून साकव बांधायचे, पावसाळ्यात तो वाहून जायचा किंवा दोन-तीन वर्षांत कुजून मोडायचा, मग वाडीतले सगळे मिळून परत घालायचे. पण त्याच वाडीतल्या घराची फणसाची तुळई शंभर वर्षं जागेवर. लाकूड वेगळं खरं, पण पाऊस तोच, आणि मोठा फरक कौलांचा.

हेच फिलाडेल्फियात १८०५ मध्ये एका न्यायाधीशाने ओळखलं. टिमथी पामरने स्कूलकिल नदीवर तीन कमानींचा लाकडी पूल बांधला होता. पूल-कंपनीचे अध्यक्ष रिचर्ड पीटर्स यांनी धरून बसून त्याला भिंती आणि छप्पर घालायला लावलं. अमेरिकेतला पहिला छपराचा पूल म्हणून तोच सांगतात. उघडा पूल दहा-बारा वर्षं, झाकलेला त्याच्या कितीतरी पट. म्हणजे छप्पर वाटसरूसाठी नाही, आतल्या सांगाड्यासाठी. बदलायच्या त्या फळ्या आणि पत्रे, सांगाडा कोरडा.

गंमत म्हणजे हिवाळ्यात या छपराचा उलटा त्रास. बाहेर रस्त्यावर बर्फ, त्यावर घसरगाड्या चालतात, आणि पुलात कोरडी फळी. मग पैसे देऊन माणूस लावायचा, तो फावड्याने बर्फ आणून पुलाच्या आत पसरणार! बाबांना हे खोटं वाटतंय. मी गेली अकरा वर्षं इथला बर्फ उपसतोय, मला अजिबात वाटत नाही.

२० जुलै

खाचांचं काम चालू. बाबा पटाशीने, मी यंत्राने. त्यांचा वेग माझ्यापेक्षा कमी, पण त्यांची एकही काठी फेकावी लागलेली नाही.

माझ्या अठ्ठेचाळीस फेकल्या. डावी-उजवीचा घोळ. एका दिशेच्या तिरक्या काठ्यांना खाच आतल्या बाजूने, उलट दिशेच्यांना बाहेरच्या. मी साचा न उलटता सगळ्या एकाच हाताच्या कापल्या. दोन रविवार गेले. बाबा काही बोलले नाहीत, फक्त त्या अठ्ठेचाळीस काठ्या सुतळीने बांधून चुलीला ठेवतात तशा कोपऱ्यात उभ्या केल्या. आमच्याकडे चूल नाही.

२७ जुलै

मूळ पूल उभा कसा केला ते वाचून आम्हीही तसंच करायचं ठरवलं. त्या जागी आधीचे तीन पूल पुरांनी नेले, पहिला १७९६ चा. तिसरा गेला ३ मार्च १८६६ ला, आणि त्याच वर्षात टास्कर-फ्लेचरनी नवा उभा केला. एवढ्या घाईत नदीवर लटकून खाचा मारत बसणं शक्य नव्हतं. विंडसर गावाजवळच्या कुरणात सगळा सांगाडा आडवा मांडून, जुळवून बघितला आणि मग नदीवर नेऊन उभा केला.

आमचं कुरण म्हणजे गॅरेजची फरशी. खडूने रेघा. बाबांनी दोरी ताणली आणि मधोमध बरोबर अर्धा इंच वर उचलली. म्हणाले, तुळई सरळ मांडशील तर उद्या पोट येईल, आजच थोडी कमान दे. माझ्या आकडेमोडीतही हेच आलं होतं, पण माझ्या कागदावर ते तीन पानांनंतर आलं.

जुळवताना बाबा प्रत्येक काठीवर पेन्सिलने आकडा घालतात. ड१, ड२, उ१, उ२.

१० ऑगस्ट

दोन्ही बाजू उभ्या. खाली आडव्या पट्ट्या, वर बांधणी. छप्पर नाही, भिंती नाहीत, नुसता सांगाडा. वजनकाट्यावर २.४ किलो.

आता भार. इथे टास्करची एक गोष्ट इथली माणसं सांगतात, खरी-खोटी कोण जाणे. त्याला लिहिता-वाचता फारसं येत नव्हतं म्हणे. त्याच्या पुलावर कोणी शंका घेतली तर तो लाकडी नमुना घेऊन बाजारात जायचा, त्यावर खिळ्यांच्या पेट्या रचायचा आणि शेवटी स्वतः वर चढून बसायचा.

प्रात्यक्षिक म्हणून झकास, पण पुरावा म्हणून कच्चं. नमुना लहान केला की लाकडाच्या छेदाचं क्षेत्रफळ वर्गाने घटतं आणि वजन घनाने. म्हणून एकास चोवीसच्या नमुन्यात स्वतःच्या वजनाचा ताण खऱ्या पुलाच्या चोविसाव्या भागाइतकाच येतो. मुंगी स्वतःच्या कितीतरी पट ओझं उचलते ते याच हिशेबाने. खऱ्या पुलाला नुसतं उभं राहताना जो ताण येतो तो आमच्या नमुन्याला द्यायचा तर त्याच्यावर चोवीस पट वजन हवं: साधारण ५८ किलो, त्यातले २.४ त्याचे स्वतःचे. उरले ५५.

इंडियन स्टोअरमधून वीस-वीस पौंडांच्या तांदळाच्या सहा पिशव्या. दुकानदारीणबाईंनी विचारलं, घरी लग्न आहे का. घरी आणून पाच-पाच पौंडांच्या चोवीस पुड्या केल्या, म्हणजे भार सगळीकडे सारखा पसरेल.

११ ऑगस्ट

सोळाव्या पुडीला कुरकुर. वीसाव्याला टक्क. चोवीस ठेवून झाल्यावर मध्यात ११ मिलिमीटर खाली. खऱ्या पुलात हे २६ सेंटिमीटर झाले असते. बाबा वाकून खाली बघत होते. "पोट इला बघ. हय फट पडली."

खालच्या तुळईत, मध्यापासून वीतभर अंतरावर, दोन मिलिमीटरची फट. जाळीला काहीही झालं नव्हतं. एकही काडी तुटली नव्हती.

चूक माझी, तीही नकाशातली. पुलावर भार आला की वरची तुळई दाबली जाते आणि खालची ताणली जाते. दाबलेल्या तुळईत दोन तुकडे डोक्याला डोकं लावून ठेवले तरी चालतं, दाब त्यांना आणखी जवळच आणतो. ताणलेल्या तुळईतला सांधा मात्र उघडायलाच बघतो. दोनशे फुटांचं एकसंध लाकूड तर कुठे मिळत नाही, म्हणून खालची तुळई जाळीच्या आत एक आणि बाहेर एक अशा थरांनी करतात आणि एका थराचा सांधा आला की शेजारच्या थराने त्या जागी सगळा ताण घ्यायचा असतो. मी दोन फुटांच्या काठ्या सोयीसाठी दोन्ही थरांत एकाच जागी संपवल्या होत्या. त्या जागी ताण घ्यायला कोणीच नव्हतं, चार-सहा दातांच्या काड्या सोडल्या तर.

मी बाबांना विचारलं, तुम्हाला जुळवताना दिसलं नाही? म्हणाले, दिसलं. मग बोलला का नाहीत? "तू इंजिनिअर." थोड्या वेळाने: "गवंडीसुद्धा सांध्यावर सांधो घेणा नाय."

यावर आमचं थोडं वाजलं. ते इथे लिहीत नाही.

१७ ऑगस्ट

खालच्या तुळया पूर्ण उतरवल्या. खुंट्या ठोकून निघत नाहीत, एकेक ड्रिलने कोरून काढावी लागते. २१२ खुंट्या. धाकटीने मोजल्या.

नवी मांडणी: आतल्या आणि बाहेरच्या थरांचे सांधे एकमेकांपासून एक फूट लांब, आणि मधल्या दोन फुटांत एकही सांधा नाही.

खऱ्या पुलाचं दुखणंही खालच्या तुळईतच निघालं होतं याचं मला आता मोठं समाधान वाटतंय. शंभर वर्षांहून जास्त ओझं वाहून त्याची कमान गेली होती. १९८७ मध्ये वाहतूक बंद केली, १९८९ मध्ये पुन्हा सुरू झाली, खर्च साडेचव्वेचाळीस लाख डॉलर, म्हणजे बांधणीच्या जवळजवळ पाचशे पट, अर्थात डॉलर तेव्हाचा वेगळा. खालच्या तुळयांच्या जागी पातळ थर चिकटवून केलेल्या लांबलचक तुळया घातल्या. त्यावर कुरकुरणारे लोक आहेत, की हे १८६६ चं लाकूड नव्हे. बाबांना विचारलं. ते म्हणाले, सांधे कमी होतात ना? मग बरं केलं. माझंही मत तेच, पण मी ते ११ ऑगस्टच्या आधी दिलं नसतं.

खर्च न्यू हॅम्पशायरच्या गळ्यात का पडला, तेही लिहून ठेवतो. दोन राज्यांमधली नदी, तर निम्मी-निम्मी असेल असं कोणालाही वाटेल. पण हद्दीचं भांडण सुप्रीम कोर्टात गेलं आणि १९३३ मध्ये निकाल लागला की हद्द पश्चिम काठाला, पाणी उतरल्यावर जिथे टेकतं तिथे. म्हणजे नदी न्यू हॅम्पशायरची, आणि जवळपास सगळा पूलही. १९३६ मध्ये राज्याने तो खासगी कंपनीकडून विकत घेतला, आणि १९४३ पर्यंत टोल घेतला. "कोकणात दोन भाव बांधासाठी कोर्टात जातत, हय राज्यां गेली," इति बाबा.

२४ ऑगस्ट

पुन्हा चोवीस पुड्या. आवाज नाही. मध्यात ५ मिलिमीटर. दिलेली कमान साडेबारा मिलिमीटरची, म्हणजे भार घेऊनही पूल अजून साडेसात मिलिमीटर वर. बाबांनी खालून दोरी ताणून स्वतः खात्री केली, माझ्या डिजिटल मापावर त्यांचा विश्वास नाही.

तांदूळ तसेच वर ठेवले. लाकूड भाराखाली हळूहळू बसत जातं, ते बघायचंय. बायको म्हणाली भाताला काय करू. पास्ता.

२८ ऑगस्ट

आजच्या तारखेला, २०११ मध्ये, आयरीन वादळाचा पाऊस व्हरमाँटवर पडला. इथून दक्षिणेला बार्टन्सव्हिलचा पूल, सॅनफर्ड ग्रेंजरने १८७० मध्ये बांधलेला, टाउनच्याच जाळीचा, त्या दिवशी गेला. त्याचा व्हिडिओ बाबांना दाखवला. बघताना लक्षात येतं की जाळी तुटत नाही. पुराने काठाचा बांध खाल्ला, खालचा आधार गेला आणि अख्खा पूल छपरासकट पाण्यात बसून घरासारखा तरंगत निघाला. गावाने तो २०१३ पर्यंत पुन्हा बांधला, जाळीचाच.

बाबांनी व्हिडिओ तीनदा बघितला. नंतर गॅरेजमध्ये जाऊन आमच्या पुलाखालचे रंगाचे डबे हलवून बघितले.

७ सप्टेंबर

कॉर्निशमधले टास्करचे दोन छोटे पूल बघून आलो, मिल ब्रूकवरचे: लोहारशाळेचा १८८१ चा आणि डिंगलटन हिलचा १८८२ चा. यांत जाळी नाही, मधले उभे खांब आणि तिरके टेकू, आपल्या घराच्या कैचीसारखे. बाबांना हे जास्त आवडले. पाच मिनिटांत सगळं समजतं, म्हणाले.

येताना मोठ्या पुलावरून. दारावर अजून पाटी आहे: घोडे चालवत न्या, नाहीतर दोन डॉलर दंड. दुडक्या चालीने जोड्या गेल्या की सगळी पावलं एका ठेक्यात पडतात आणि सांगाडा हलायला लागतो, म्हणून. धाकटीने श्वास रोखला. या वेळी बाबांनीही.

२१ सप्टेंबर

छपराची एक बाजू झाली. सीडरच्या पातळ चकत्या, कौलांसारख्या खालून वर. दुसरी बाजू राहिली. बाबांचं तिकीट परवाचं. अर्धं छप्पर बघून ते बेचैन होते, पण माझ्याकडून एक चकती काढून पुन्हा लावून घेतली. "सांध्यावर सांधो नको."

५ ऑक्टोबर

सहा आठवडे भार. ५ चे साडेसहा मिलिमीटर झाले. पहिल्या दहा दिवसांत एक, मग उरलेल्या महिन्यात अर्धा. आज सगळ्या पुड्या उतरवल्या. पूल वर आला, पण पूर्ण नाही, दोन मिलिमीटर खालीच राहिला. रात्रभर थांबून पुन्हा मोजणार.

फोनवर बाबांना सांगितलं. त्यांनी विचारलं, सांधे? सांधे बंद आहेत. "मग रवांदे," म्हणाले, आणि कुडाळात अजून पाऊस जात नाही त्याबद्दल बोलू लागले.

दुसऱ्या बाजूच्या चकत्या कापून ठेवल्यात, २६० हव्यात. चोवीस पुड्यांपैकी एक आज शिजवली.